डोंगरीचे कापड आणि ‘दीवार’मधले दोन भाऊ

मराठी वाचकाला डोंगरी हे नाव प्रथम भेटते ते आगरकरांमुळे. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली, ती त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात भोगली, आणि सुटल्यावर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले. ‘हॅम्लेट’चे भाषांतरही त्यांनी याच तुरुंगवासात केले; पुढे ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. भाऊबंदकीचे आणि आईविषयीच्या संशयाचे ते नाटक डोंगरीच्या कोठडीत मराठीत उतरले, याची आम्हांला नेहमी मौज वाटत आली आहे.

डोंगरीने जगाला आणखी एक गोष्ट दिली. तिचा उल्लेख आपल्या वाङ्मयेतिहासात कोठे येत नाही, कारण ती गोष्ट म्हणजे एक जाडेभरडे कापड होते. त्या कापडाविषयी, आणि डोंगरीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या गोदीत ज्याच्या कथेचा एक भाग घडतो अशा एका गाजलेल्या चित्रपटाविषयी, आम्हांला येथे एकत्र लिहायचे आहे. चित्रपट आहे ‘दीवार’ (१९७५). दोन भाऊ, एक आई आणि परागंदा झालेला बाप यांची ती कथा सर्वांना पाठ आहे. पण त्या दोन भावांच्या अंगावर काय आहे, याकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिले आहे असे आम्हांला वाटत नाही.

आधी कापड. इंग्रजीत ‘डंगरी’ असा एक शब्द आहे. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात तो हलक्या प्रतीच्या सुती कापडाचे नाव म्हणून दिलेला आहे. मांजरपाटाच्या जातकुळीतलेच काहीतरी ते असावे. हा शब्द मुंबईच्या डोंगरी या वस्तीवरून पडला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. त्या परिसरात हे कापड विकले जाई. व्युत्पत्तीच्या बाबतीत छातीठोक बोलू नये हे खरे, पण शब्दाचे वय मात्र निश्चित मोठे आहे. जॉन सॅरिस हा इंग्रज कप्तान मोलुक्का बेटांवर लवंगा घेण्यासाठी गेला होता. लवंगांच्या बदल्यात तेथे कोणकोणती हिंदुस्थानी कापडे चालत, याची त्याची १६१३ ची यादी त्याच कोशात उद्धृत केलेली आहे. तीत भडोचच्या कापडाबरोबर या कापडाचेही नाव आढळते. म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माआधी हे आपले कापड दूर पूर्वेच्या बेटांवर मसाल्याच्या मोबदल्यात मोजून दिले जात होते. कालिकतवरून ‘कॅलिको’, बांधणीवरून ‘बँडाना’, छिटावरून ‘चिंट्झ’, पायजम्यावरून ‘पजामाज्’ ही शब्दांची मिरवणूक आपण भाषाशास्त्राच्या तासाला अभिमानाने सांगतो. डंगरी त्या मिरवणुकीत क्वचितच असते. गरिबाचे कापड म्हटल्यावर अभिमानही थोडा आखडता हात घेतो की काय, कोण जाणे.

हे कापड खलाशांच्या अंगी बसले. स्वस्त, दणकट आणि खाऱ्या वाऱ्याला पुरून उरणारे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ‘डंगरीज्’ असे अनेकवचन करून ते विजारीचेच नाव झाले. दरम्यान अमेरिकेत दुसरी दोन युरोपीय कापडे त्याच कामाला लागली होती. एकाचे नाव फ्रान्समधल्या नीम शहरावरून ‘डेनिम’, तर दुसऱ्याचे जिनोआ शहराच्या फ्रेंच नावावरून ‘जीन’. नेवाडातल्या रीनो गावी राहणाऱ्या जेकब डेव्हिस या शिंप्याला एक युक्ती सुचली. मजुरांच्या विजारी खिशाच्या कोपऱ्यांशी फाटतात, तेव्हा तेथे तांब्याचे रिव्हेट ठोकावेत. लीव्हाय स्ट्राउस हा सान फ्रान्सिस्कोचा कापडव्यापारी त्याला भागीदार मिळाला आणि २० मे १८७३ रोजी दोघांना पेटंट मिळाले. डेव्हिस मूळचा रीगाचा, स्ट्राउस बव्हेरियाचा, दोघेही स्थलांतरित. अस्सल अमेरिकन म्हणून जगभर मिरवणाऱ्या वस्त्राची ही वंशावळ आहे.

आणि कापूस? तो मिसिसिपीच्या खोऱ्यातला, गुलामांच्या हातांनी वेचलेला. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरला जाणारा तो कापूस थांबला, आणि त्याची जागा आपल्याकडच्या कापसाने घेतली. मुंबईत सोन्याचा पूर आला. १८६५ साली यादवी संपताच तो ओसरला आणि शहरातल्या बँका, कंपन्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळल्या. पुढे ‘गिरणगाव’ म्हणून नावारूपाला आलेल्या मुंबईच्या पायात ही परक्या देशातली यादवी आहे. तीही अखेर भावाभावांतलीच.

रंगाची कथा याहून कडवट आहे. ‘इंडिगो’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘हिंदुस्थानचा’ असा आहे. आपला ‘नील’ शब्द अरबीतून पोर्तुगीजांकडे जाऊन ‘अनिल’ झाला आणि त्या अनिलवरून रसायनशास्त्राने ‘ॲनिलीन’ हे नाव घेतले. जगाला निळे करणारा हा रंग बंगाल-बिहारच्या रयतेकडून बळजबरीने पिकवून घेतला जाई. १८५९-६० चा नीळ उठाव त्यातूनच झाला. दीनबंधु मित्रांचे ‘नीलदर्पण’ (१८६०) हे नाटक त्याच उठावाचे अपत्य. त्याच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रकाशनाबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग यांना १८६१ साली एक हजार रुपये दंड आणि एक महिन्याची कैद झाली. (साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे अशी ही गोष्ट: भाषांतर छापल्याबद्दल तुरुंग.) पुढे १८९७ साली जर्मनीच्या ‘बीएएसएफ’ कंपनीने प्रयोगशाळेतली नीळ बाजारात आणली आणि हिंदुस्थानी निळीचा व्यापार पाहता पाहता खचला. चंपारणला १९१७ साली गांधीजी गेले तेव्हा तो धंदा अखेरच्या घटका मोजत होता. जाच मात्र तसाच होता.

नीळ धाग्याच्या गाभ्यात शिरत नाही, ती वर वर बसते. डेनिममध्ये उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात, त्यामुळे कापड जसजसे झिजते तसतसे आतले पांढरे डोकावू लागते. जेथे गुडघा टेकला, जेथे ओझे घासले, तेथे खूण उमटते. कारखान्यात जाणाऱ्या वडिलांचे निळे कपडे घरात कसे वेगळे भिजत घालावे लागत, हे आमच्यापैकी एकदोघांना चांगले आठवते. बादलीतले पाणी चार-पाच धुण्यांपर्यंत निळे होत राही.

हाच निळा रंग चित्रपटात घरातल्या भांडणाची खूण कसा झाला, याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे आहे. ‘रिबेल विदाउट अ कॉज’ (१९५५) मध्ये जेम्स डीनने जीन्स घातली आणि मजुराची विजार बंडखोर पोराची झाली. त्या चित्रपटात एक प्रसंग आहे. मुलगा घरी येतो तो बाप कोटटायवर झालरीचा एप्रन बांधून, गुडघ्यांवर बसून, सांडलेले जेवण गोळा करीत असतो. मुलाला ते सहन होत नाही. बापाने बापासारखे उभे राहावे एवढेच त्याचे मागणे आहे. चित्रपट मुलाच्या बाजूने आहे, आणि आज तो पाहताना आम्हांला बापाची कणव येते. पण येथे मुद्दा वेगळा आहे. त्या घरात कष्टाचे कपडे दोघांनीही घातले आहेत, एकाने स्वयंपाकघरातले आणि दुसऱ्याने खाणीतले. आणि कष्ट दोघांनाही ठाऊक नाहीत. एप्रन हा अपमान ठरतो आणि जीन्स ही ऐट. कापडाची स्मृती तेथे पुरती धुऊन निघाली आहे.

‘दीवार’मध्ये तसे नाही. विजयचा निळा सदरा ही ऐट पुढे झाली, आधी तो हमालाचाच सदरा आहे. खांद्यावर दोर, दंडावर ७८६ क्रमांकाचा बिल्ला, कमरेशी गाठ मारलेला सदरा. त्या गाठीची हकीकत खुद्द अमिताभ बच्चन यांनी सांगितली आहे. सदरा शिवणाऱ्याने भलताच लांब शिवला होता, चित्रीकरण खोळंबले असते, म्हणून गाठ मारली. योगायोगाने झालेली गाठ, पण ती पटली, कारण गोदीत ओझी उचलणारा माणूस लोंबणारे कापड असेच बांधून घेतो. तो सदरा अस्सल डंगरीचा होता की नव्हता, याला महत्त्व नाही. निळा, जाड आणि मजुराचा, एवढी त्याची कुळी पुरे आहे. विजयचे पात्र हाजी मस्तान यांच्या आयुष्यावरून स्फुरले असे म्हटले जाते. त्यांनीही मुंबईच्या गोदीत हमाली केली होती. डोंगरीचे कापड ज्या किनाऱ्यावरून जगात गेले, त्याच किनाऱ्यावर साडेतीन शतकांनी हा निळा सदरा उभा आहे.

आणि त्याच्यासमोर धाकटा भाऊ रवी, खाकीत.

खाकीचा इतिहास निळ्याहून लहान आहे, पण तितकाच आपला आहे. ‘खाक’ म्हणजे फारसीत धूळ, माती. १८४६ साली पेशावरला हॅरी लम्स्डेन याने ‘कोअर ऑफ गाइड्स’ हे पथक उभारले आणि त्या मातीत मिसळून जाईल असा मळकट पोशाख आपल्या शिपायांना दिला. तोपर्यंतचा इंग्रज सैनिक लाल डगल्यात दुरून दिसावा म्हणूनच सजवलेला असे. १८५७ च्या धामधुमीत गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे चहा, शाई, मिळेल त्यात बुडवून मळवले. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धानंतर (१८९९-१९०२) खाकी ही साऱ्या ब्रिटिश फौजेची झाली, आणि मग जगातल्या बहुतेक फौजांची. साम्राज्याच्या सरहद्दीवर, ज्यांना दिसू नये त्यांना दिसू नये म्हणून शोधलेला हा रंग. पुढे पोलिसांच्या अंगावर येऊन त्याने उलटे काम केले; आता तो दिसावा म्हणूनच घालतात. (मुंबईच्या साध्या शिपायाचा जुना वेश निळा डगला आणि पिवळी टोपी असा होता, हे जुने चित्रपट पाहणाऱ्यांना सांगायला नको. तेव्हा या शहरात निळा रंग नेहमी हमालाच्याच बाजूचा होता, असा सोपा सिद्धान्त आम्ही मांडत नाही. पण रवी शिपाई नाही, तो अधिकारी आहे.)

तेव्हा ‘दीवार’मधले दोन भाऊ म्हणजे या देशातून जगात गेलेली दोन कापडे आहेत: एक राबणाऱ्याचे, एक त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याचे. सलीम-जावेद यांना किंवा यश चोप्रांना हे अभिप्रेत होते, असे आम्ही म्हणत नाही. त्यांना आईच्या प्रेमावरून भांडणारे दोन भाऊ हवे होते. पण मुंबईत अशी कथा घडवायची आणि कपडेपटाला खरेपणा राखायचा, तर हीच दोन कापडे पुढे येणार.

तुलनेसाठी ‘गंगा जमुना’ (१९६१) पाहावा. ‘दीवार’चा सांगाडा त्यात जवळजवळ तयार आहे: एक भाऊ डाकू, दुसरा पोलीस, शेवटी पोलीस भावाच्या हातून डाकू भावाचा मृत्यू. दिलीप कुमार आणि नासिर खान हे सख्खे भाऊच त्यात भाऊ झाले होते. तेथेही एकाच्या अंगावर खाकी आहे. पण दुसरा धोतरात आहे. धोतर आणि खाकी यांच्यातला तंटा गाव आणि सरकार यांच्यातला आहे. गंगाला परत जायला गाव आहे, बोली आहे, नदी आहे. त्याआधीच्या ‘मदर इंडिया’त (१९५७) आई स्वतः मुलाला गोळी घालते, तीही गावाच्या अब्रूसाठी. ‘दीवार’मध्ये धोतराची जागा निळ्या सदऱ्याने घेतली आणि परतीची वाट संपली. विजयचे गाव कोठले, याची आठवण चित्रपटात कोणालाही उरत नाही. हातावर गोंदलेली बापाची नाचक्की तेवढी उरते.

आणि येथेच आमची तक्रार आहे. चित्रपटाचा आरंभ आठवावा. बाप कामगारांचा पुढारी आहे. बायकामुलांचा जीव धोक्यात घालून मालक त्याच्याकडून सही घेतो, कामगार त्याला दगलबाज ठरवतात, तो परागंदा होतो. म्हणजे या घराचे सारे दुःख एका संपातून जन्मले आहे. आई पुढे बांधकामावर विटा वाहते. थोरला मुलगा बूटपॉलिश करतो, मग गोदीत जातो, आणि हप्ता मागणाऱ्यांशी वखारीत दार लावून झुंजतो. येथवर निळा सदरा आपले काम चोख बजावतो. मग विजय तस्करांना मिळतो, सदरा उतरतो, सूट येतो. त्या क्षणापासून गोदी पडद्यावरून जवळजवळ नाहीशी होते. हमालांचे पुढे काय झाले, हप्ता बंद झाला की दुसऱ्या कोणी घ्यायला सुरुवात केली, हे कळत नाही. उरतो तो केवळ कौटुंबिक प्रश्न: आई कोणाकडे राहणार?

आई खाकीकडे राहते. एवढेच नव्हे, थोरल्याचा पाठलाग करायला निघालेल्या धाकट्याच्या हाती ती स्वतः पिस्तूल देते, गोळी झाडताना हात कापू नये असा आशीर्वादही देते. आणि मग आई म्हणून थोरल्याची वाट पाहायला देवळात जाते. निरूपा रॉय यांच्या चेहऱ्यावरची ती घालमेल अजूनही पाहणाऱ्याला हलवते, याबद्दल वाद नाही. पण ज्या बाईने विटा वाहिल्या तिला चित्रपट निवडीसाठी दोनच गोष्टी देतो, तस्करीचा पैसा आणि सरकारी पगार. तिच्या नवऱ्याने जो तिसरा मार्ग धरला होता, चारचौघांनी मिळून मागण्याचा, तो त्याच्याबरोबरच आगगाडीच्या डब्यात मरून जातो. १९७४ च्या मे महिन्यात देशातल्या रेल्वे कामगारांनी संप केला आणि तो चिरडला गेला. जानेवारी १९७५ मध्ये हा चित्रपट आला. जूनमध्ये आणीबाणी. त्या वर्षाच्या प्रेक्षकाला तिसरा मार्ग बंद झाल्याचे पडद्यावर पाहावे लागले, आणि त्याने ते आईच्या मायेच्या आवरणात पाहिले.

रवीच्या बाजूनेही एक शब्द टाकला पाहिजे. पाव चोरून पळणाऱ्या पोरावर तो गोळी झाडतो आणि मग त्याच्या घरी खाण्याचे घेऊन जातो. पोराचा बाप निवृत्त शिक्षक निघतो. सबंध चित्रपटात खाकीला स्वतःची लाज वाटावी असा हा एकच प्रसंग आहे, आणि आमच्या मते ‘दीवार’मधला तो सर्वांत प्रामाणिक प्रसंग आहे. दुर्दैवाने त्यातून रवी कर्तव्याचा धडा घेऊन बाहेर पडतो.

मुंबईच्या घरात शिरलेला संप पुन्हा पाहायचा तर मराठीकडे यावे लागते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे आणि साठेक गिरण्या. बहुतेक घरांसाठी तो कधी संपलाच नाही. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ (१९९७) हे नाटक त्या घरांपैकी एकाचे आहे, आणि महेश मांजरेकर यांनी त्यावरून ‘लालबाग परळ’ (२०१०) हा चित्रपट केला. येथेही आई आहे, वाट चुकलेला मुलगा आहे, घरात भावंडांची धुसफूस आहे. ‘दीवार’चे सारे साहित्य जणू पुन्हा मांडलेले. पण येथे भांडणाचे मूळ पहिल्या काही दृश्यांत उरकून टाकलेले नाही. ते खिडकीबाहेर भोंगा बंद पडलेल्या गिरणीच्या रूपाने सतत उभे आहे. या घरावर आलेले संकट हे शब्दशः कापडाचे संकट आहे. नरू गुंडगिरीकडे वळतो, पण विजयसारखा सूट घालून तो कथेच्या बाहेर पडू शकत नाही. पडद्यावरची आवृत्ती रक्तपाताकडे अधिक झुकते. आम्हांला नाटकच अधिक जवळचे वाटते, कारण त्यातली माणसे एकमेकांना बोलताना अडखळतात.

गंमत अशी की याच दशकात, १९८० नंतर, अहमदाबादेत डेनिमचे मोठे उत्पादन सुरू झाले आणि जीन्स आपल्या शहरांत सर्वांच्या आवाक्यात आली. वडिलांचा निळा कपडा कपाटात गेला आणि मुलाचा निळा कपडा दुकानातून आला. दोघांच्या मध्ये किती अंतर पडले, हे त्या काळच्या कोणत्याही चाळीतल्या घराला विचारावे.

काही वर्षांपूर्वी ‘अधांतर’ आणि ‘दीवार’ शेजारी शेजारी ठेवून आम्ही वर्गात शिकवत होतो. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, विजयचा तो सदरा कोणी विणला असेल?” वर्ग हसला. आम्हीही हसलो. नंतर हिशेब केला. चित्रपट १९७५ चा. तेव्हा परळ-लालबागच्या गिरण्या तिन्ही पाळ्यांत चालू होत्या. ते कापड तेथलेच असेल असे नाही. पण असायला अडचण काहीच नव्हती. गोदीपासून तेथवर जायला तेव्हा बसने फार वेळ लागत नसे.